झाकणाच्या आत बघा

युद्धकैद्यांनी बनवलेल्या वस्तूंवरचा लेख वाचला आणि निपाणीच्या घरातली सिगारेटची डबी काढली. आजोबा बेळगावच्या मराठा पलटणीत. 1941 ला इरिट्रियात केरेनच्या लढाईत जखमी झाले, मग बंगलोरला इटालियन कैद्यांवर पहाऱ्याला. त्यातल्याच एकाने दिली म्हणे. आजीने त्यात तपकीर ठेवली, आईने दर दिवाळीला राखेने घासली. वरची वेलबुट्टी गेलीच. झाकणाच्या आत मात्र खिळ्याने कोरलेलं ‘बंगलोर 1942’ आणि एक नंबर शाबूत आहे. पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्याचा असावा, कडेला जुनी घडी दिसते.

लेखात तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याच्या बुडावरचं साल हेच त्यापासून केलेल्या फुलदाणीचं साल धरलंय, ते पटलं नाही. तो शिक्का कारखान्यातला, नक्षी नंतरची.

डबीवरचा नंबर त्या कैद्याचा असावा, तो घेऊन जिनिव्हाच्या रेड क्रॉसला लिहितोय. आईचं राखेने घासणं बंद केलं!