पाढे पाठ आहेत, मग गणित अडतं कुठे?

जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "तीसपर्यंत पाढे पाठ करून घ्या, गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं आपोआप सुटतात. चित्रं, पट्ट्या, चौकटी म्हणजे वेळेची नासाडी. मोठ्या संख्यांना त्यांचा उपयोग नाही. आपल्या पूर्वजांना कुठे चित्रं लागली?"

पाढे हवेतच. पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही यावेत, या मताची मी आहे. पण उदाहरणं आपोआप सुटत नाहीत. हे बघा: आप्पांचा कापूस 24 क्विंटल निघाला, तो नानांच्या कापसाच्या 3 पट आहे, नानांचा किती? 'पट' दिसला की पाढे तोंडपाठ असलेली मुलंही 24 गुणिले 3 करून 72 लिहून मोकळी होतात. गुणाकार बिनचूक, उत्तर चूक. आता नानांची एक पट्टी काढायला सांगा. तिच्याखाली आप्पांच्या तेवढ्याच लांबीच्या तीन, एकीला एक लागून. 24 कुठे लिहायचे? आप्पांच्या तीन पट्ट्यांवर. मग एक पट्टी 8 ची, हे मूल स्वतःच सांगतं. दोघांचा मिळून किती? चार पट्ट्या, 32. फरक? दोन पट्ट्या, 16. तीनचा पाढा इथेही लागलाच, पण तो कुठे लावायचा हे पट्टीवरून कळलं.

मोठ्या संख्यांचं म्हणाल, तर रावेर-यावलच्या पोराला केळीची बाग समजावून सांगावी लागत नाही. 24 ओळी, ओळीत 16 खोडं. 384 ठिपके काढत बसायचं नाही. एक आयत आखा. एक बाजू 20 आणि 4, दुसरी 10 आणि 6 अशी तोडा. चार खणांत 200, 120, 40 आणि 24. दहाच्या बाजूचे दोन खण मिळून 240, सहाच्या बाजूचे 144. उभ्या मांडणीत नेमक्या याच दोन ओळी येतात. दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली का मारतात, तेही इथेच कळतं.

पूर्वजांचा दाखला तर आपल्याच मातीतला आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. त्यांच्या 1150 च्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात नऊ हात उंच खांबावर मोर आहे आणि खांबाच्या तिप्पट अंतरावरून साप खांबाच्या पायथ्याच्या बिळाकडे येतोय. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो; दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर ते बिळापासून किती हातांवर भेटले? खांब, जमीन आणि मोराची झेप यांचा त्रिकोण डोळ्यांसमोर आणल्याशिवाय ते उदाहरण सोडवून दाखवावं!

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेली नाही. आपल्याकडे कितीतरी मुलं घरी अहिराणी बोलतात, सातपुड्यात पावरी, भिली. पुस्तकातलं 'प्रत्येकी' त्यांना अडतं. मूल चित्र काढतं तेव्हा गाडी भाषेत अडली की गणितात, हे बाईंना लगेच दिसतं. नुसत्या चुकलेल्या उत्तरावरून ते कळत नाही.

वेळ लागतो, हे मान्य. सुरुवातीला लागतोच. सरावाने मूल दोन रेघांत काम भागवतं. परीक्षेत प्रत्येक उदाहरणाला चित्र काढा असं कुणी सांगत नाही. गुणावं की भागावं हे कळेनासं होतं, तिथे काढावं.