‘सामान्यांच्या ताटात एक घासही नाही’ म्हणणाऱ्यांना

परवा रात्री वैनींनी एक मेसेज पुढे धाडला. आमच्या वैनी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका सरकारी मराठी शाळेत बिसियूट, म्हणजे पोरांचं दुपारचं गरम जेवण, रांधतात. मेसेजचा मथळा होता, ‘मानवाधिकारवाल्या पीयूसीएलचा काळा इतिहास’. काँग्रेसने काढलेली संघटना, परदेशी पैशावर चालते, फक्त अतिरेक्यांची वकिली करते आणि शेवटी: ‘सामान्य माणसाच्या ताटात यांनी आजवर एक घास वाढला नाही.’ खाली वैनींनी विचारलं होतं, "भावजी, हे खरं काय ओ?"

दुसऱ्या कुणी पाठवलं असतं तर पुसून टाकलं असतं. पण हा मजकूर वैनींच्या हातात यावा, याचा मला संताप आला. म्हणून शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो.

२००१ साली राजस्थानात दुष्काळ होता. लोक उपाशी आणि सरकारी गोदामांत धान्य सडत पडलेलं. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे हीच पीयूसीएल, सर्वोच्च न्यायालयात गेली. रिट याचिका (दिवाणी) क्रमांक १९६, साल २००१. ज्याला शंका आहे त्याने हा एवढा क्रमांक शोधावा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने राज्यांना हुकूम दिला: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. त्याआधी १९९५ ची केंद्राची योजना होती, पण बहुतेक राज्यांत पोरांना महिन्याला ३ किलो कोरडं धान्य मिळायचं. ते पिशवीतून घरी जायचं आणि घरच्या सगळ्यांत वाटलं जायचं. शाळेत गरम भात त्या हुकुमानंतर सगळीकडे पोचला. कर्नाटकात ‘अक्षर दासोह’, म्हणजे हीच शाळेतल्या जेवणाची योजना, त्याच सुमारास उभी राहिली.

शाळेत जेवण देण्याची कल्पना काही पीयूसीएलची नव्हे, हे मान्य. तमिळनाडूत ते कितीतरी आधीपासून चालू होतं. पण सरकारच्या मर्जीवर असलेली गोष्ट मुलांचा हक्क झाली, ती या याचिकेमुळे.

मी एकदा वैनींच्या शाळेत दुपारी गेलो होतो. सांबाराचं पातेलं दोघींनी मिळून उतरवलं, पदराला हात पुसत वैनी वाढायला उभ्या राहिल्या. पहिलीतली एक पोरगी भात संपवून ताट पुन्हा पुढे करत होती. वैनींनी काही न बोलता आणखी एक पळी घातली. याच खटल्यात २० एप्रिल २००४ ला आणखी एक हुकूम निघाला: स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या. वैनी आज त्या चुलीपुढे उभ्या आहेत, ते अशा हुकुमांच्या जोरावर. आणि त्यांनाच सांगतात, एक घास वाढला नाही!

आता बाकीचं. काँग्रेसने काढली? १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने ही संघटना उभी राहिली. पहिले अध्यक्ष वि. म. तारकुंडे, आपले सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. १९८० साली तिला आजचं नाव आणि रूप मिळालं. १९३६ साली नेहरूंनी नागरी स्वातंत्र्यासाठी एक वेगळी संघटना काढली होती. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केलेली दिसते. १९८४ च्या दिल्लीतल्या शीख हत्याकांडात काँग्रेसच्या पुढाऱ्यांची नावं घेणारा अहवाल काढण्यातही पीयूसीएल होती. काँग्रेसची संघटना असं करेल?

परदेशी पैसा? देशी असो वा विदेशी, कुठल्याही निधी देणाऱ्या संस्थेचे पैसे घ्यायचे नाहीत, हा यांचा जाहीर नियम आहे. सभासदांच्या वर्गणीवर काम चालतं.

अतिरेक्यांची वकिली, यात अर्धं तथ्य आहे, ते नाकारत नाही. पोटा या दहशतवादविरोधी कायद्याविरुद्ध ते न्यायालयात गेले आणि हरले. त्यांचे उपाध्यक्ष बिनायक सेन यांना २०१० मध्ये राजद्रोहाखाली जन्मठेपही झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. आरोपीलाही कायद्याचं संरक्षण हवं, हे त्यांचं म्हणणं अनेकांना रुचत नाही. पण २०१४ च्या जुलैत ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून बेळगावजवळच्या येळ्ळूर गावावर पोलिसांचा लाठीमार झाला, तेव्हा त्याची गरज आपल्यालाही कळली होती ना? आणि मतदान यंत्रावरचं ‘नोटा’चं बटण? तेही २०१३ मध्ये यांच्याच याचिकेवर आलं.

वैनींना याचिकेचा क्रमांक आणि दोन्ही हुकुमांच्या तारखा पाठवल्या आहेत. त्यांनी त्या ज्या ग्रुपवरून मेसेज आला तिथेच टाकल्या, आणि मला विचारलं, २००४ च्या हुकुमाची प्रत कुठे मिळेल. शनिवारी खानापूरला झेरॉक्स काढून देणार आहे.