परिच्छेदाचे पहिले वाक्य निर्धोक कसे लिहावे

परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात काही सांगायचे नसते, हे शाळेपासून अंगवळणी पडलेले असूनही काही लेखक अजून तिथेच विषय सांगून मोकळे होतात, याचे मला वाईट वाटते. आपण त्यांच्यापैकी असाल, तर पुढील सूचना आपल्याच हिताच्या आहेत. गोव्यातल्या आमच्या गावच्या देवस्थानाच्या जत्रेची स्मरणिका मी बरीच वर्षे संपादित करीत आलो आहे. तेव्हा या बाबतीत माझा थोडाफार अधिकार मानायला हरकत नसावी.

परिच्छेद कशाबद्दल आहे ते त्याच्या आरंभीच्या वाक्याने दाखवावे, हा नियम अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली इंग्रजी लेखनावरच्या पुस्तकात घालून दिला. माणूस परदेशी, त्यातून तर्कशास्त्र शिकवणारा. त्याला आपल्या अडचणी कुठून कळणार? विषयासोबत त्याबद्दलचे आपले म्हणणेही त्याच वाक्यात यावे, असे पुढे शिकवले जाऊ लागले आणि तिथेच घात झाला. नुसता विषय सांगितला तर कोणी रागावत नाही. म्हणणे सांगितले की ते पुढच्या पाच-सहा ओळींत पटवून द्यावे लागते, आणि ज्या ओळीचा त्याच्याशी संबंध नाही ती कितीही देखणी असली तरी कापावी लागते. पहाटेच्या मांडवी नदीबद्दल एवढ्या कष्टाने जुळवलेली ओळ कापायची कशी?

गेल्या वर्षी एका महाविद्यालयीन मुलाने खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांवर, लेख आणून दिला. त्यातल्या मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेवरच्या, परिच्छेदाची सुरुवात अशी होती : ‘भरतीच्या दाबाने मानशीचे दार आपोआप मिटते, म्हणूनच भरतीच्या पातळीखालच्या खाजनात भात पिकते.’ पुढे ओहोटीला तेच दार उघडून आतले पाणी कसे बाहेर जाते, खारेपणा सोसणारे कोरगूट भात तिथे का लावतात आणि बांधाला भगदाड पडले की शेत कसे बुडते, हे सारे त्या एका वाक्याला धरून चालले होते. असला उघडेपणा बरा नव्हे. मी ते वाक्य काढून तिथे ‘मानव आणि निसर्ग यांचे नाते अनादी काळापासून अतूट आहे’ असे घातले. मुलाने विचारले, ‘सर, मानस खंय गेली?’ ती परिच्छेदाच्या शेवटी सापडेल, धीर धरावा, असे मी त्याला समजावले.

इतिहासावर लिहिताना तर फारच जपावे. ‘१६ जानेवारी १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला’ अशी सुरुवात केलीत, तर तो का हरला हे पुढे लिहावे लागेल, आणि आपल्या वर्गणीदारांत दोन्ही पक्षांची घरे आहेत. त्याऐवजी ‘इतिहासात काही क्षण निर्णायक ठरतात’ असे लिहावे. या वाक्यावर आजवर कोणी वर्गणी परत मागितलेली नाही.

कोणी शास्त्र काढून अडवलेच, तर रिचर्ड ब्रॅडॉक यांचे नाव पुढे करावे. या अमेरिकी अभ्यासकाने १९७४ साली तिकडच्या मासिकांतले पंचवीस लेख तपासले, तेव्हा जेमतेम १३ टक्के परिच्छेद विषयवाक्याने सुरू होताना आढळले. उरलेल्यांपैकी पुष्कळांत ते वाक्य पुढे कुठेतरी येते किंवा मजकुरातूनच जाणवते, हे मात्र आपण होऊन सांगू नये.

लेखातली फक्त पहिली वाक्ये ओळीने वाचून युक्तिवाद लागतो का, अशी एक दुष्ट चाचणीही काही शिक्षक घेतात. माझी कसोटी याहून सोपी आहे : आपले वाक्य कुठल्याही परिच्छेदावर बसले पाहिजे. गेल्या वर्षीच्या त्याच अंकात पाने लावताना छापखान्यात घोटाळा झाला आणि पालखीवरच्या लेखाचे पहिले वाक्य माझ्या संपादकीयाला, तर माझे त्या लेखाला लागले. पालखीच्या लेखकांनी फोन करून सुरुवात झकास साधल्याबद्दल माझे आभार मानले. चूक पकडली ती एकट्या त्या खाजनवाल्या मुलाने. त्यातले माझे वाक्य कोणते, हे त्याने बोट ठेवून दाखवल्यावर मला कळले.