हेलिकॉप्टर, बंब आणि ओला टहाळा

फाल्गुन लागला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास. तिन्हीसांजेला समोरच्या डोंगरावर विस्तवाची लाल माळ दिसू लागते आणि मोबाईलवर तो मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो तीन गटांतून आला. मजकूर थोडक्यात असा: 'परदेशात हेलिकॉप्टरने पाणी टाकून तासाभरात वणवा विझवतात. आपल्याकडे अजून फांद्या घेऊन डोंगरावर पळतात. हा अडाणीपणा बंद करा. उपग्रहावरून खात्याला सगळं कळतं. बंब मागवा आणि घरात बसा. रात्री वणवा आपोआप निवतो. आणि तसंही जळलं तर डोंगराला खतच मिळतं.' खाली जोडलेले हात.

संगमेश्वर तालुक्यात माझी काजूची आणि थोडी हापूसची बाग आहे. वरच्या अंगाला कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार, त्यामागे घळी आणि सामाईक रान. दर वर्षी दोन-तीनदा तरी वणवा विझवायला हातात टहाळा, म्हणजे पानांची ओली फांदी, घ्यावा लागतो. तेव्हा या अडाण्याचंही थोडं ऐका.

हेलिकॉप्टरपासून सुरुवात करू, कारण मेसेजची सगळी भिस्त त्यावर आहे. आपल्याकडे हेलिकॉप्टर वापरत नाहीत असं नाही. मार्च 2022 मध्ये राजस्थानात सरिस्काचं जंगल पेटलं तेव्हा वायुदलाची एमआय-17 हेलिकॉप्टरं सिलीसेढ तलावातून पाणी उचलत होती. एप्रिल 2024 मध्ये नैनीतालच्या वणव्यासाठी भीमताल तलावातून उचललं. दोरीला लोंबकळणाऱ्या बादलीत एका खेपेला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं. ऐकायला भरपूर. पण ते उंचावरून, उतारावर, झाडांच्या शेंड्यांवर पडतं. खालच्या पातेऱ्यापर्यंत, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांपर्यंत, पोचतं त्यातलं काही. त्याने ज्वाळा बसतात, आगीचा जोर तुटतो, पण कड धुमसत राहते. पुढची खेप येईपर्यंत खाली कुणी ती कड तोडली नाही तर पाणी टाकलं काय आणि न टाकलं काय! सरिस्कातही वनकर्मचारी आणि गावकरी जमिनीवर होतेच.

आणि ते 'परदेशात तासाभरात'? कॅलिफोर्नियात नोव्हेंबर 2018 मध्ये पॅराडाइज गाव जाळणारी आग 8 तारखेला लागली आणि 25 तारखेला पूर्ण आटोक्यात आली. विमानं, हेलिकॉप्टरं, काही कमी नव्हतं. अमेरिकेत डोंगराळ रानातल्या आगीवर वीस-वीस जणांच्या टोळ्या पायी पाठवतात. त्या पाणी नेत नाहीत. जमीन खरवडून माती उघडी पाडत जातात, म्हणजे आपण जिला जाळरेषा म्हणतो तीच. त्यांच्या हातात पुलास्की नावाचं हत्यार असतं, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ. ज्या वनरक्षकाच्या नावाने ते ओळखलं जातं, त्या एड पुलास्कीने 1910 च्या प्रचंड वणव्यात आपली माणसं खाणीच्या बोगद्यात कोंडून वाचवली होती. शंभरहून जास्त वर्षं झाली, हत्यार तेच आहे. आमच्या गड्याला ते दाखवलं असतं तर म्हणाला असता, 'दांडा जरा लांब हवा.'

सरळ हिशेब असा की वणव्याला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि ताप. हवा आपल्या हातात नाही. ताप उतरवायला पाणी लागतं आणि मार्चमध्ये आमचे पऱ्ये, म्हणजे ओढे, कोरडे असतात. उरलं जळण. पातेरा ओढला, गवत कापलं, पाच-सहा हात जमीन उघडी केली की आगीला पुढे खायला काही उरत नाही. आपल्याकडचे वणवे बहुतेक गवताचे आणि पातेऱ्याचे, जमिनीलगत सरपटणारे. शेंड्याशेंड्यांवरून धावणारे नव्हेत. म्हणून ओला टहाळा इथे चालतो. तोही आपटायचा नसतो. आपटला तर ठिणग्या पलीकडे उडतात. दाबायचा आणि जळलेल्या बाजूला ओढायचा.

बंबाचं सोपं आहे. बंब रस्ता संपतो तिथे थांबतो आणि आमचा रस्ता वाडीत संपतो. तिथून वर पाणी चढवायचं तर दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब जातो. पंपाचा दाब सात किलो असेल तर सत्तर मीटरवर नळीच्या तोंडाशी काहीच उरत नाही, आणि हे नळीतली घट न धरता. घरं, गोठे आणि गवताच्या उडव्या वाचवायला मात्र बंब हवाच. त्यासाठी जरूर बोलवा.

'उपग्रहावरून सगळं कळतं' हे अर्धं खरं आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून आगीचे इशारे पाठवते आणि ते उपयोगी आहेत. पण त्यातला सूक्ष्म नजरेचा संवेदकसुद्धा जमिनीवरचा पावणेचारशे मीटरचा चौकोन एक ठिपका म्हणून पाहतो आणि तो आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. दुपारी तीनला कुणी विडी टाकली तर मध्यरात्रीपर्यंत डोंगर कुणाच्या भरवशावर? फोन आपणच करायचा. वनखात्याचा 1926 हा क्रमांक त्यासाठीच आहे. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन फार थोडी. डोंगर बहुतेक खासगी मालकीचे, आणि वणवा सातबारा बघून वळत नाही.

रात्रीचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. दुपारी खारा वारा समुद्राकडून डोंगरावर चढतो. त्यात तापलेल्या उताराची हवाही वरच धावते, म्हणून दुपारचा वणवा भडकून वर जातो. रात्री हवेत ओल येते, वारा पडतो, नंतर मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटतो आणि आग मंदावते. पण मंदावते म्हणजे विझत नाही. खरं तर आपल्या कामाची वेळ हीच, पहाटेपर्यंतची. ती घरात बसून घालवली की दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढे तोच खारा वारा धुमसत्या बुंध्यातून ठिणगी उचलतो. चार वर्षांपूर्वी आम्ही 'विझला' म्हणून चहा प्यायला घरी गेलो आणि दुपारी माझी अकरा काजूची झाडं गेली. तेव्हापासून पालथा हात राखेजवळ धरून बघितल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. रात्री उतारावर एक धोका मात्र असतो: पेटलेला ओंडका किंवा शेणी गडगडत रेषेखाली जाते. म्हणून खालच्या बाजूच्या रेषेला चर खणावा लागतो.

मेसेजमध्ये नाही, पण त्याखालच्या प्रतिक्रियांत एक शहाणा लिहितो, 'जायचंच तर वरून जा, वरून मारणं सोपं.' बाबा रे, नको. आग वर चढताना पुढचं गवत आधीच तापवून ठेवते. चढ दहा अंशांनी वाढला की वेग जवळपास दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियातल्या आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. घळ तर धुराड्यासारखी ओढते. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात पायी फिरायला गेलेली वीसहून जास्त माणसं अशाच पेटत्या गवताच्या उतारावर सापडून गेली. अमेरिकेतल्या मॅन गल्च नावाच्या घळीत 1949 साली आग विझवण्यात तयारीचे तेरा जवान चढावर पळताना आगीने गाठले. त्यांचा म्होरक्या वाचला तो समोरचं गवत स्वतः पेटवून त्या राखेत पालथा पडल्यामुळे. नियम हाच: सुरुवात शेपटीकडून, म्हणजे आगीच्या मागच्या मंद बाजूने, मग दोन्ही बगला आवळत तोंडाकडे, आणि पाठीशी कायम जळलेलं रान. तिथे दुसऱ्यांदा जळायला काही नसतं.

राहिलं खत. राखेत पालाश राहतं, नत्र बहुतेक धुरात जातं, आणि उघड्या पडलेल्या उतारावरची उरलेली राख मृगाचा पहिला जोरदार पाऊस पऱ्यातून खाली नेतो. वरच्या सड्यावर दर वर्षी जाळून काय वाढलं? कुसळी गवत आणि रानमोडीचं झुडूप, दोन्ही गुरं तोंड लावत नाहीत अशी. कुसळी कोवळी असेपर्यंत खातात एवढंच. 'मग भाजावळ कशी चालते?' असं लगेच विचारतील. भाजावळ म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, आणि ती ठरलेल्या वाफ्यात होते. माझे आजोबा राब, म्हणजे वाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, पेटवण्याआधी चारी बाजू झाडून घेत, वारा पडायची वाट बघत आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत बांधावर बसून राहत.