मित्राचे वाढलेले चार किलो

स्नायू वाढावेत म्हणून जिममध्ये टोचून घेतल्या जाणाऱ्या पेप्टाइडांवर (म्हणजे प्रथिनांसारख्याच, पण छोट्या साखळ्यांवर) मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी जिमचं तोंड न पाहता लिहितो, पेप्टाइडं माणसांवर तपासलेलीच नाहीत हे मी खोटं लिहिलं, इन्सुलिनही पेप्टाइडच आहे, आणि पेप्टाइड घेऊन दोन महिन्यांत तुमच्या मित्राचं वजन चार किलोंनी वाढलं.

जिमला जातो. अंगावर दिसत नाही, हे कबूल.

चाचण्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. सगळी पेप्टाइडं मी एकाच पोत्यात भरली. सीजेसी-१२९५ हे शरीरातलं ग्रोथ हार्मोन वाढवणारं पेप्टाइड माणसांना देऊन पाहिलेलं आहे, २००६ साली निकालही छापून आले. एका इंजेक्शननंतर ग्रोथ हार्मोन सहा दिवस आणि त्याहून जास्त काळ चढं राहिलं. पण हे सगळं रक्तातलं मोजमाप. त्यानं कोणाचा स्क्वॉट वाढला का, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.

स्नायूंपर्यंत जायचं तर २००८ चा अभ्यास बघा. एमके-६७७ खरं तर पेप्टाइड नाही, गोळी आहे. पण शरीरातलं ग्रोथ हार्मोन तीही वाढवते, आणि पेप्टाइडं विकणाऱ्या दुकानांतच विकली जाते. ६० ते ८१ वयाचे ६५ निरोगी लोक. वर्षभरात गोळी घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन सरासरी १.१ किलोनं वाढलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं अर्धा किलो घटलं. ताकद मात्र तिथल्या तिथेच, आणि उपाशीपोटीची साखर थोडी वर. म्हाताऱ्यांचं सोडा म्हणाल, तर त्याच वर्षी निरोगी तरुणांना थेट ग्रोथ हार्मोन दिलेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. तिथेही चरबी सोडून उरलेलं वजन सुमारे दोन किलो जास्त, ताकदीत वाढ नाही.

कारण चरबी सोडून उरलेल्या या वजनात, म्हणजे ‘लीन मास’मध्ये, पाणीही धरतात. ग्रोथ हार्मोन वाढलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, मिठामागे पाणी येतं. माझ्याबरोबर व्यायाम करणाऱ्या एकानं ग्रोथ हार्मोन सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात काटा तीन किलो वर, स्वारी खूश. मग लग्नातली अंगठी बोटात रुतली. साबण लावला, तेल लावलं, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून काढली. रात्री हाताला मुंग्या यायच्या त्या वेगळ्याच.

बीपीसी-१५७ या दुसऱ्या पेप्टाइडचं बहुतेक संशोधन उंदरांवरचं, तेही मुख्यतः जखमा भरण्याचं. वाडानं, म्हणजे खेळाडूंच्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनं, २०२२ पासून ते बंदीच्या यादीत घातलंय. आमच्या जिममध्ये फिरणाऱ्या कुपीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’. इंजेक्शन टोचून घेणारा ते वाचत नाही.

राहिलं इन्सुलिन. तेही पेप्टाइड आहे, हे खरं. पावसाळ्यात आपण अळंबी आवडीनं खातो, म्हणून रानात दिसेल ती छत्री कोणी कढईत टाकत नाही.

मित्राचे चार किलो मी नाकारत नाही. त्यानं याच दोन महिन्यांत खाणं आणि व्यायामही वाढवला का, पूर्वी किती वजन उचलायचा, आता किती, एवढं विचारून इथेच लिहा. साखर तपासायला सांगा. आणि बोटात अंगठी असेल तर ती सहज निघते का, तेही.