माल नाय, तर जाहिरात कित्याक?

मालवणच्या बंदराजवळच्या कट्ट्यावर परवा खोबरेलाच्या भावावरून बोलणं सुरू झालं आणि थेट दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोचलं. किराणावाल्या अण्णांचा सवाल रोखठोक होता. "मेल्यांनू, दुकानात माल नाय तर जाहिरात कित्याक?"

मास्तर म्हणाले, "फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकेत खासगी मोटारी बनवणं बंद झालं. कारखाने रणगाड्यांना आणि विमानांना जुंपले. तरी मोटारवाल्यांच्या पानभर जाहिराती मासिकांत येतच राहिल्या."

"गिरायकान नाव इसरू नये म्हणान."

"ते अर्धं कारण. बाकीचं अर्धं कराचं. युद्धात झालेल्या जादा नफ्यावर तिकडे 1942 मध्ये 90 टक्के कर बसला. आपल्याकडे 1940 साली 50 टक्के आणि 1941 पासून 66⅔ टक्के. जाहिरात हा धंद्याचा खर्च, तो नफ्यातून वजा व्हायचा. म्हणजे जादा नफ्यातला एक रुपया जाहिरातीवर घातला, तर मालकाच्या पदरचे गेले फक्त पाच आणे चार पै, म्हणजे रुपयाचा तिसरा हिस्सा. बाकीचे सरकारला जायचेच होते."

अण्णा गप्प झाले. वाण्याला हिशोब पटला की तो गप्प होतो.

घाणेवाल्या बाळूला मात्र हे अपुरं वाटलं. त्याचा मुद्दा वेगळा होता: युद्धातली जाहिरात बाईला वस्तू घे म्हणून जितकं सांगत होती, तितकंच घरातली वस्तू दे म्हणूनही सांगत होती. 1942 पासून अमेरिकेत तळणीतली उरलेली चरबी गोळा करायची मोहीम निघाली. रीत साधी. तळण कोमट असतानाच गाळायचं, म्हणजे जळका गाळ राहत नाही. पत्र्याच्या डब्यात भरायचं, बाटलीत नाही, कारण गरम चरबीने काच तडकते. पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही आणि डबा थंड जागी ठेवायचा. पाणी आणि ऊब मिळाली की चरबी खवट होते. तिच्यातलं ग्लिसरीन आधीच सुटून जातं आणि डब्याची किंमतच जाते. भरलेला डबा खाटकाकडे द्यायचा. पौंडामागे 4 सेंट, आणि पुढेपुढे रेशनचा माल घ्यायला लागणारे 2 पॉइंटही.

"कशासाठी? तर ग्लिसरीनपासून स्फोटकं होतात म्हणून. पोस्टरवर कढईतली चरबी तोफेपर्यंत जाताना दाखवायचे."

"ह्या खरा की थाप?"

"खरंच. पण अर्धवट सांगितलेलं," बाळू म्हणाला. "ग्लिसरीन वेगळं होतं केव्हा? साबण करताना. प्राण्याच्या चरबीतून किलोमागे साधारण 100 ग्रॅम निघतं, बाकीच्याचा साबण होतो. ही मोहीम चालवणाऱ्या समितीमागे साबण कारखानदारच होते. फिलिपिन्स जपानकडे गेल्यावर तिकडचं खोबरं यायचं थांबलं, त्यांचा कच्चा माल आटला. बाईने डबा दिला तो सैनिकाच्या नावाने, आणि त्यातला मोठा वाटा गेला साबणाच्या भट्टीत."

मास्तरांना हा आरोप जड वाटला. स्फोटकांना ग्लिसरीन लागत होतंच ना? बाळू म्हणाला, लागत होतं, मी कुठे नाही म्हणतो? पण खोबरं गेल्याचा फटका दुहेरी होता. खोबरेलातून किलोमागे ग्लिसरीन 130 ग्रॅमच्या पुढे निघतं. शिवाय नुसत्या खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, चरबीच्या साबणाचा तिथे चोथा होतो. म्हणून बोटीवरच्या खलाशांना खोबरेलाचाच साबण लागे. (खाडीकाठच्या विहिरीचं पाणी वापरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.)

चहावर थोडी चकमक झाली. युद्धाने आपल्याला चहा लावला, असं अण्णांचं मत. मास्तरांनी ते खोडलं. चहावर प्रचारासाठी उपकर 1903 पासूनच होता. 1933 च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीला मर्यादा घातली, तेव्हा मळेवाल्यांना घरचं गिऱ्हाईक हवंच होतं. युद्धाने सैन्यासाठी चहाच्या मोटारींची भर घातली, इतकंच. चहाच्या जाहिरातीच्या इनॅमलच्या पाट्यांवर कृती असायची: ताजं पाणी उकळा, किटली ऊन करून घ्या, माणशी एक चमचा आणि एक किटलीचा, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर कपात. आपल्या लोकांनी सगळं एकत्र खळखळ उकळलं, कारण तशाने थोड्या पावडरीत जास्त रंग उतरतो. पाट्या होत्या रेल्वे स्टेशनांवर, आणि कोकण रेल्वे पूर्ण झाली 1998 साली. आमच्याकडे कोण वाचणार होतं ती कृती?

मग भाऊंनी तोंड उघडलं. ग्रामोफोन दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. ते म्हणाले, करमणुकीच्या वस्तूंत तबकडीची गोष्ट बघा. तबकडी लाखेची, लाख भारतातली, आणि तीच युद्धसाहित्याला हवी. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीची लाख 70 टक्क्यांनी कापली. जुनी तबकडी परत द्या, मग नवी मिळेल, असं कंपन्या सांगू लागल्या. फुटकीही चालायची, दळून पुन्हा वापरता येत असे.

"आणि सुई?" बाळूने विचारलं.

"एक बाजू, एक सुई. लोकांना वाटायचं ही डबी खपवायची युक्ती. तसं नव्हे. तबकडीत लाखेपेक्षा दगडाची पूडच जास्त. ती सुईचं टोक पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत टोकाला दोन्हीकडून चपट्या कडा येतात. तीच सुई पुन्हा लावली तर त्या कडा पटाशीसारख्या खाच तासतात. खाचेत करडी भुकटी दिसली की समजायचं, गाणं गेलं. युद्धात पोलादाची चणचण, लोक एक सुई दहा-दहा बाजू चालवत, आणि तबकड्या मारत."

"मग उपाय?"

"बांबूची सुई. तिकोनी काडी, टोक बोथट झालं की कात्रीने तिरकं कापायचं, पुन्हा नवी. आवाज जरा कमी, पण खाच वाचते. खोड एकच, दमट हवेत काडी मऊ पडते आणि निम्म्या गाण्यातच बसते. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. सुया घट्ट झाकणाच्या डबीत, भाजलेल्या तांदळात ठेवायच्या. तांदूळ ओल ओढून घेतात."

मास्तर हसले. रंगून मार्च 1942 मध्ये पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, 1943 मध्ये मुंबईत रेशन आलं, हे त्यांचं मघाशीच सांगून झालं होतं.

अण्णा उठत म्हणाले, "रेशनचे तांदूळ सुयेच्या डबयेत? बायलेन घरात घेतला नसता."