स्टिक ड्रिफ्टचा दोष लेकरांवर टाकू नका, आणि स्प्रेही मारू नका

सोलापुरातल्या गेम खेळणाऱ्या पोरांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कंट्रोलरच्या स्टिकला हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू आपोआप सरकायला लागला, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात, म्हणजे पोरांनी आदळआपट केली किंवा आत धूळ गेली. स्टिकच्या बुडाशी डब्ल्यूडी-४० हा स्प्रे मारून ती दोन मिनिटं गरगर फिरवली की कायमची बरी होते. नाही झाली तर सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे गेम जी हालचाल मोजत नाही तो मधला भाग, वाढवा. वॉरंटीच्या नादी लागू नका. हा भाग दुरुस्त होत नाही, त्यामुळे शेवटी नवा कंट्रोलर घ्या, आणि तो हॉल इफेक्टचा, म्हणजे चुंबकाच्या सेन्सरवर चालणारा, घेतला की जन्मात ड्रिफ्ट नाही.

मी जुळे सोलापुरात घरीच कंट्रोलर दुरुस्त करतो. हा मजकूर वाचून तेलात भिजवलेले कंट्रोलर माझ्याकडे येतात आणि त्यांच्यासोबत घरी बोलणी खाऊन आलेली पोरं येतात. मजकुरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची किंवा अर्धवट आहे, म्हणून एकेक घेतो.

“आदळआपट केल्यामुळे ड्रिफ्ट होतो”

स्टिकच्या खाली धातूचं एक छोटं चौकोनी मॉड्यूल असतं. त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांशी काटकोनात, दोन पोटेन्शिओमीटर बसवलेले असतात. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. प्रत्येकात कार्बनचा थर दिलेली पट्टी असते आणि तिच्यावर धातूचा बारीक संपर्क घासत सरकतो. पट्टीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज दिलेलं असतं. संपर्क जिथं टेकलाय तिथलं व्होल्टेज चिप वाचते आणि स्टिक कुठं आहे ते ठरवते. स्टिक मध्यावर असेल तर साधारण निम्मं व्होल्टेज मिळतं. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करताना जी खरखर यायची, ती याच जातीच्या भागाची.

म्हणजे या रचनेत घासणं हेच काम आहे. स्टिक कुठल्याही दिशेला ढकला, संपर्क मध्यावरून निघतो आणि मध्यावरच परत येतो, त्यामुळे पट्टीचा मधला भाग सगळ्यात आधी झिजतो. तिथला कार्बन पातळ झाला, त्याची काळी भुकटी संपर्काखाली अडकली, की स्टिक मोकळी असतानाही चिपला निम्म्याऐवजी थोडं कमी किंवा थोडं जास्त व्होल्टेज दिसतं. पडद्यावरचा खेळाडू चालायला लागतो. स्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडली तरी परिणाम तोच.

ही झीज किती लवकर येते ते हिशेबानं पाहा. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये अल्प्स या जपानी कंपनीची मॉड्यूल सर्रास वापरली गेली आहेत, आणि त्या प्रकारच्या मॉड्यूलचं आयुष्य कंपनीच्याच माहितीपत्रकात २० लाख फेऱ्या असं दिलेलं आहे. आकडा मोठा वाटतो. पण गोळीबाराच्या किंवा फुटबॉलच्या गेममध्ये स्टिक सेकंदाला एकदा हलते असं धरा. तासाला ३,६०० वेळा झाली. २० लाखांना ३,६०० नं भागलं की साधारण ५५५ तास येतात. रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचे हे तास नऊ-सव्वानऊ महिन्यांत संपतात. प्रत्येक हालचाल पूर्ण फेरी नसते, त्यामुळे बरेच कंट्रोलर याहून जास्त टिकतात. तरीही दीड वर्षात स्टिक गेली तर त्यात मुलाचा काय दोष? त्यानं कंट्रोलर ज्यासाठी घेतला त्यासाठीच वापरला.

कंट्रोलर फरशीवर पडला तर नुकसान होतं, पण ते वेगळं दिसतं. स्टिकची टोपी तुटते, कवचाला तडा जातो, मॉड्यूल वाकून स्टिक एकाच दिवसात एका बाजूला कलते. आठवड्या-आठवड्यानं हळूहळू वाढत जाणारा ड्रिफ्ट झिजेचा असतो. यंत्रमागावर पाळी करून, पैसे साठवून पोराला जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४) घेऊन देणाऱ्या बापाला राग येणं मी समजू शकतो. तो राग लेकरावर निघू नये, एवढ्यासाठी हा मुद्दा मी सगळ्यात लांबवला.

“आत धूळ गेली म्हणून”

यात थोडं तथ्य आहे. ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेनं २०२२ मध्ये ड्रिफ्ट होणारे जॉय-कॉन, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या स्विच या गेम कन्सोलचे कंट्रोलर, उघडून तपासले, तेव्हा आत सरकत्या भागांची झीज दिसली आणि धूळही दिसली. आपल्याकडे तर उन्हाळाभर कोरडी धूळ असतेच. शहराच्या पूर्व भागात माग चालणाऱ्या घरांतून येणाऱ्या कंट्रोलरमध्ये टॉवेलचं तूसही निघतं. पण ते बहुतेक टोपीखालच्या घुमटाभोवती गुंडाळलेलं असतं. त्यामुळे स्टिक जड फिरते, कधी अडकून राहते. ते चिमट्यानं आणि मऊ ब्रशनं काढता येतं. पोटेन्शिओमीटर स्वतः प्लास्टिकच्या झाकणात असतो, आणि ते उघडल्यावर मला बहुतेक वेळा बाहेरच्या धुळीपेक्षा पट्टीचीच काळी भुकटी जास्त दिसते. कंट्रोलर वापरून झाल्यावर कापडाखाली ठेवा, फायदा होईल. पण स्वच्छ घरातली स्टिकही झिजते.

“डब्ल्यूडी-४० मारा, कायमचा बरा होतो”

या सल्ल्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय. निळ्या-पिवळ्या डब्यातला नेहमीचा डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि गंजलेले नट सोडवायला बनवलेला आहे. त्यातला द्रावक उडून जातो आणि मागे तेलाचा थर राहतो. पोटेन्शिओमीटरमध्ये तो थर कार्बनच्या भुकटीत मिसळून चिखल करतो, आणि पुढची धूळ, पुढचं तूस त्यालाच चिकटतं. त्याच कंपनीचा विजेच्या संपर्कांसाठीचा क्लीनर वेगळा मिळतो. दुकानात नुसतं नाव सांगितलं की बहुधा नेहमीचाच डबा हातात येतो.

मग स्प्रे मारल्यावर दोन-चार दिवस बरं का वाटतं? कारण संपर्काखालची भुकटी वाहून बाजूला जाते. ज्यांनी रील बनवून टाकलं त्यांनी नेमका त्याच वेळी व्हिडिओ घेतलेला असतो. झिजून गेलेला कार्बन कुठलाही स्प्रे परत आणत नाही, आणि स्टिक फिरवत राहिलं की नवी भुकटी तयार होते.

साफ करायचंच असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. नव्या पेठेत मोबाइल दुरुस्त करणारे त्याला आयपीए म्हणतात, त्यांच्याकडे ते असतं. कंट्रोलर बंद करा, चार्जिंगची केबल काढा, एक-दोन थेंब सोडा, स्टिक थोडी फिरवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चालू करू नका. गॅसपासून, उदबत्तीपासून लांब बसा, हे पेट घेतं. हातावर चोळायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल आणि थिनर तर मुळीच नको. एकानं थिनर ओतलेला कंट्रोलर आणला होता, त्यातली प्लास्टिकची झाकणंच मऊ पडली होती.

“डेडझोन वाढवला की प्रश्न मिटला”

डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचं असं वर्तुळ, ज्यातली हालचाल गेम मोजतच नाही. ते मोठं केलं की ड्रिफ्ट झाकला जातो, पण नेम धरताना लागणारी बारीक हालचालही त्याच वर्तुळात जाते. परीक्षा संपेपर्यंत किंवा नवा भाग येईपर्यंत काम चालवायला उपाय ठीक आहे. झीज मात्र पुढे चालूच राहते आणि वर्तुळ वाढवत जावं लागतं.

सेटिंगला हात लावण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. कंट्रोलर संगणकाला जोडा आणि ब्राउझरमध्ये चालणारं कुठलंही गेमपॅड टेस्टर उघडा. प्रत्येक स्टिकचे दोन आकडे दिसतील, उणे १ ते अधिक १ यांच्यामधले. स्टिक चारही बाजूंना ढकलून दर वेळी हळूच सोडा. सोडल्यावर आकडा शून्याच्या अगदी जवळ, समजा ०.०५ च्या आत, थांबला तर काळजी नाही. शून्यापासून लांब पण दर वेळी एकाच ठिकाणी स्थिर थांबला, तर मध्य सरकलाय आणि कॅलिब्रेशननं, म्हणजे मध्य कुठं आहे ते कंट्रोलरला पुन्हा शिकवून, काम होऊ शकतं. स्विचच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे. ड्युअलशॉक ४ (पीएस४चा कंट्रोलर) आणि ड्युअलसेन्स (पीएस५चा) यांच्यासाठी क्रोममधून चालणारं मोफत साधन आहे. आकडा नाचत असेल, किंवा दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर पट्टी नाहीतर स्प्रिंग गेली. मग सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

“हॉल इफेक्ट घेतला की जन्मात ड्रिफ्ट नाही”

हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबक असतो आणि त्याचं क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही, म्हणून कार्बन झिजण्याचा प्रश्न उरत नाही. सुधारणा खरी आहे आणि नवीही नाही. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि सेगा या कंपनीनं १९९८ च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो वापरलाही होता. एवढं असून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्येही हॉलच्या स्टिक नाहीत, याची मला खंत वाटते. पण ‘जन्मात’ हा शब्द काढून टाका. स्प्रिंग हॉलच्या स्टिकमध्येही असते आणि तीही सैल पडते. जुन्या कंट्रोलरमध्ये हॉलचं मॉड्यूल बसवलं तर नीट कॅलिब्रेशन करावं लागतं. ते न करता दिलेला कंट्रोलर पहिल्या दिवसापासून एका बाजूला ओढतो आणि ग्राहक म्हणतो, हॉललाही ड्रिफ्ट आला.

“वॉरंटीच्या नादी लागू नका, काही मिळत नाही”

लोकांनी तक्रारी केल्या म्हणूनच मिळालंय. जॉय-कॉनच्या ड्रिफ्टवरून २०१९ मध्ये अमेरिकेत निन्टेंडोवर खटला दाखल झाला. २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघानं जवळपास २५,००० तक्रारी गोळा करून २०२१ मध्ये युरोपीय आयोगाकडे धाव घेतली, आणि २०२३ मध्ये कंपनीनं तिथं वॉरंटी संपल्यावरही असे कंट्रोलर मोफत दुरुस्त करून देण्याचं मान्य केलं. सोनीवरही ड्युअलसेन्सच्या ड्रिफ्टवरून २०२१ मध्ये अमेरिकेत खटला झाला.

आपल्याकडची अडचण बहुधा बिलापासून सुरू होते. चार-पाचशे वाचवायला बिनबिलाचा कंट्रोलर घेतला की वॉरंटी मागायला हातात काही उरत नाही, आणि तो माल अस्सल होता का, हेही सांगता येत नाही. पक्कं बिल घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा. वॉरंटीत असताना स्क्रू उघडू नका, स्प्रेही मारू नका, कारण तेच कारण दाखवून नकार दिला जातो. टेस्टरवर नाचणाऱ्या आकड्यांचा व्हिडिओ तक्रारीसोबत द्या. तरीही टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथं शुल्क लागत नाही. पाच-सहा हजारांच्या कंट्रोलरसाठी कोण आयोगात जाणार, असं लोक म्हणतात. ज्या घरात ती रक्कम महिनोन् महिने साठवलेली असते, त्या घरानं जायला काहीच हरकत नाही.

“हा भाग दुरुस्त होत नाही, नवाच घ्या”

होतो. पीएस४, पीएस५ आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये स्टिकचं मॉड्यूल बोर्डाला १४ ठिकाणी सोल्डर केलेलं, म्हणजे धातू वितळवून जोडलेलं, असतं. सुटं मॉड्यूल ऑनलाइन मिळतं आणि नव्या कंट्रोलरच्या मानानं त्याची किंमत किरकोळ असते. दोष एकाच दिशेला असेल तर अख्खं मॉड्यूल काढायचीही गरज नसते, तीन पायांचा तो एक पोटेन्शिओमीटर बदलता येतो. स्विचच्या जॉय-कॉनमध्ये तर स्टिक चपट्या केबलनं जोडलेली असते, सोल्डरिंग लागतच नाही.

काम नाजूक आहे, हेही सांगायला हवं. बोर्डावर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते उशिरा वितळतं, आणि बोर्डातला तांब्याचा मोठा पट्टा उष्णता ओढून घेतो. घाईनं मॉड्यूल उपटलं तर खालचे पॅड, म्हणजे बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, उखडतात, आणि मग तोच कंट्रोलर दुरुस्त करणं फार अवघड होतं. आधी प्रत्येक पायावर कमी तापमानाला वितळणारं सोल्डर मिसळायचं, मग पंपानं किंवा विकनं (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) ओढून घ्यायचं. यूट्यूब पाहून पहिलाच हात स्वतःच्या चांगल्या कंट्रोलरवर टाकू नका. मोबाइलच्या बोर्डवर काम करणाऱ्या आपल्या गावातल्या कारागिरांना हे जमतं, फक्त कंट्रोलर कुणी त्यांच्याकडे नेत नाही.

नेताना तीन गोष्टी विचारा. कुठलं मॉड्यूल टाकणार, साधं की हॉलचं? बसवल्यावर कॅलिब्रेशन करून देणार का? आणि परत घेताना टेस्टरवर आकडे दाखवणार का? कॅलिब्रेशन म्हणजे काय असं त्यानंच उलट विचारलं, तर दुसरं दुकान बघा. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि झाकण उघडून पोराला दाखवा. पट्टीच्या मधोमध घासलेला चट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.